फॅक्टर एचमधला बदल, नॉर्मल सी३ आणि ‘प्रतिकारशक्ती कमी की जास्त?’ हा प्रश्न

तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते. धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर आठवड्याभरात लघवी कमी झाली, प्लेटलेट उतरल्या, हिमोग्लोबिन घसरलं आणि डायलिसिसची वेळ आली. निदान झालं अ‍ॅटिपिकल एचयूएसचं, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन किडनी दुखावणाऱ्या आजाराचं. जनुकीय तपासणीत फॅक्टर एच या प्रथिनात बदल सापडला, पण रक्तातलं सी३, म्हणजे कॉम्प्लिमेंट या प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेतलं मुख्य प्रथिन, नॉर्मल आलं. आता डॉक्टर कॉम्प्लिमेंट रोखणारं इंजेक्शन द्यायचं म्हणत आहेत. तुमचे प्रश्न असे: तिची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे की जास्त? सी३ नॉर्मल आहे, मग निदान चुकलं का? प्रतिकारशक्तीच बंद करणारं औषध दिलं तर जंतुसंसर्गाचं काय? आणि तुम्हा भावंडांना हे होऊ शकतं का?

मी इम्युनोलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. कॉम्प्लिमेंटच्या चाचण्या लावणं आणि किडनीच्या व रक्तविकारांच्या डॉक्टरांबरोबर बसून त्यांचा अर्थ लावणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही, तिचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्या उपचाराचा निर्णय तिचे डॉक्टरच घेतील. पण तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती नीट समजली तर डॉक्टरांशी बोलणं पुष्कळ सोपं होईल.

‘कमी की जास्त’ या मोजपट्टीवर हा आजार मोजताच येत नाही. कॉम्प्लिमेंटच्या आजारांत विचारायचं असतं ते हे, की आवर कुठे सुटला? रक्ताच्या प्रवाहात, पेशीच्या पृष्ठभागावर, की किडनीतल्या एखाद्या पडद्यावर? तेच प्रथिन, तेच जनुक, पण बिघाडाची जागा बदलली की आजार पार वेगळा होतो. रिपोर्ट वाचताना मी पहिली जागा शोधते, आकडा नंतर बघते.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली आणि पेशींवरची मिळून तीसहून अधिक प्रथिनं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्यूल बोर्दे यांनी दाखवून दिलं की जंतू मारायला रक्तद्रवात अँटिबॉडीखेरीज उष्णतेने नष्ट होणारा आणखी एक घटक लागतो. त्यांना १९१९ चं नोबेल मिळालं. ही यंत्रणा सुरू होण्याच्या तीन वाटा आहेत. क्लासिकल वाट अँटिबॉडीमुळे सुरू होते, लेक्टिन वाट जंतूंवरच्या ठरावीक साखरांमुळे. तिसरी अल्टरनेटिव्ह वाट मात्र कोणाची वाट बघत नाही. ती सतत, मंद गतीने चालूच असते. तुमच्या बहिणीचा आजार या तिसऱ्या वाटेचा आहे.

तिन्ही वाटा येऊन मिळतात त्या सी३पाशी. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम सी३ असतं, म्हणजे कॉम्प्लिमेंटच्या प्रथिनांत सगळ्यात मुबलक हेच. ते तुटलं की सी३बी तयार होतं आणि जवळ जो पृष्ठभाग सापडेल त्याला रासायनिक बंधाने कायमचं चिकटतं. चिकटण्याची ही क्षमता त्याच्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकते, म्हणून ते लांब जाऊ शकत नाही. पण जवळचा पृष्ठभाग जंतूचा आहे की आपल्याच पेशीचा, हे सी३बीला कळत नाही. चिकटलेल्या सी३बीला फॅक्टर बी येऊन मिळतो, फॅक्टर डी त्याला कापतो आणि तयार होतं नवं एन्झाइम, जे आणखी सी३ तोडतं. एकाचे अनेक, अनेकांचे हजारो. काही मिनिटांत पृष्ठभाग सी३बीने माखून निघतो. पुढे सी५ तुटतं, त्यातून दाह पेटवणारं सी५ए सुटतं आणि पेशीच्या आवरणाला भोक पाडणारा प्रथिनांचा समूह तयार होतो.

जंतूवर हे व्हायलाच हवं. आपल्या पेशींवरही सी३बीचे थोडेफार थेंब रोज, दर क्षणी पडत असतात. तरी आपण शाबूत राहतो, कारण नियंत्रक प्रथिनं ते तिथल्या तिथे निकामी करतात. म्हणून मी नेहमी सांगते, की कॉम्प्लिमेंटमध्ये आपलं-परकं ठरतं ते आवर घालताना. सुरू करताना ते फारसं ठरतच नाही.

ही नियंत्रक प्रथिनं दोन ठिकाणी असतात. काही रक्तात फिरतात: फॅक्टर एच, फॅक्टर आय, सी४ बाइंडिंग प्रोटीन, सी१ इनहिबिटर, विट्रोनेक्टिन, क्लस्टरिन. काही पेशींच्या आवरणात रोवलेली असतात: सीडी४६, सीडी५५, सीडी५९ आणि सीआर१. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. सी३ तोडणारं ते एन्झाइम सीडी५५ वेळेआधी मोडतं. फॅक्टर आय सी३बी कापतो, पण एकट्याने नाही. त्याला फॅक्टर एच, सीडी४६ किंवा सीआर१ यांपैकी कोणाची तरी साथ लागते. सीडी५९ सगळ्यात शेवटी, भोक पाडणारा समूह पूर्ण होताना, आडवं येतं.

इथे एक गोष्ट सहज निसटते. सी३बी कापलं गेलं म्हणजे विषय संपला असं होत नाही. त्याचा जो तुकडा उरतो, आयसी३बी, त्याच्यापासून नवं एन्झाइम बनू शकत नाही, पण भक्षक पेशी तो ओळखतात आणि तो ज्याला चिकटला आहे त्याला गिळतात. आणखी कापणी झाली की उरणारा सी३डी हा तुकडा बी पेशींवरच्या सीआर२ला जाऊन भिडतो आणि अँटिबॉडी बनवण्याला जोर देतो. सीडी४६ टी पेशींच्या वागण्यावर प्रभाव टाकतं. तांबड्या पेशींवरचं सीआर१ रक्तातले अँटिजन-अँटिबॉडीचे पुंजके यकृत-प्लीहेकडे वाहून नेऊन साफ करवतं. म्हणजे नियंत्रक प्रथिनं यंत्रणा थांबवतात तशी तिला पुढची दिशाही देतात. त्यांच्यात बिघाड झाला की माणूस एकाच वेळी दाहाने पोळतो आणि जंतूंपुढे उघडाही पडतो, ते यामुळेच.

आता फॅक्टर एचकडे येऊ. ते यकृतात बनतं आणि त्याची रचना माळेत ओवलेल्या २० मण्यांसारखी आहे. मणी एकमेकांसारखे दिसतात पण कामं वेगळी. पहिले चार मणी प्रत्यक्ष आवर घालतात: एन्झाइम मोडतात आणि फॅक्टर आयला साथ देतात. शेवटचे दोन, १९ आणि २०, ओळख पटवतात. आपल्या पेशींवर सियालिक आम्ल आणि हेपरान सल्फेटसारख्या साखळ्या असतात. तिथे चिकटलेलं सी३बी आणि शेजारचं सियालिक आम्ल या दोघांना मिळून हे शेवटचे मणी घट्ट धरतात. बहुतेक जंतूंवर असं काही नसतं, त्यामुळे फॅक्टर एच तिथे टिकत नाही आणि कॉम्प्लिमेंट आपलं काम करतं.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. अ‍ॅटिपिकल एचयूएसमध्ये फॅक्टर एचचे बदल बहुतांशी या शेवटच्या मण्यांत एकवटलेले आढळतात. पहिले चार मणी ठीक, म्हणजे रक्ताच्या प्रवाहातला आवर शाबूत. प्रवाहात सी३ उगाच तुटत नाही, म्हणून त्याची पातळीही नॉर्मल राहते. फॅक्टर एचची पातळीसुद्धा बऱ्याचदा नॉर्मल येते, कारण प्रथिन बनतंय, फक्त योग्य जागी धरून राहत नाही. बिघाड आहे तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर. तिथे पेशी दुखावतात, त्यांवर रक्ताच्या बारीक गुठळ्या धरतात, त्यात प्लेटलेट खर्ची पडतात, तिथून जाणाऱ्या तांबड्या पेशी फाटतात आणि किडनीच्या चाळणीतला रक्तप्रवाह अडतो. बहिणीच्या रिपोर्टमध्ये एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं आणि रक्ताच्या स्मिअरमध्ये शिस्टोसाइट (फाटलेल्या तांबड्या पेशी) दिसल्याचं लिहिलं असेल, ते याचंच. सी३ कमी सापडलं तर निदानाला आधार मिळतो, पण अ‍ॅटिपिकल एचयूएसच्या मोठ्या भागात ते नॉर्मलच असतं. नॉर्मल सी३ पाहून मी कधीही हा आजार नाही असं म्हणत नाही. शिवाय दाह असताना यकृत सी३ जास्त बनवतं, त्यामुळे खप चालू असूनही आकडा भरून आलेला दिसू शकतो.

याच्या उलट चित्र बघा. फॅक्टर एच जवळजवळ नसेलच, किंवा फॅक्टर आय नसेल, तर आवर प्रवाहातच सुटतो. सी३ रक्तातल्या रक्तात जळून जातं, पातळी तळाला जाते. मग जंतूंवर बसवायला सी३ उरतच नाही आणि न्यूमोकोकस, मेंदूज्वर आणणारा मेनिन्गोकोकस अशा कवचधारी जंतूंचे संसर्ग वारंवार होतात. फॅक्टर एच नसलेल्यांत किडनीच्या चाळणीत सी३चे तुकडे साठून सी३ ग्लोमेरुलोपथी हा वेगळाच आजारही होऊ शकतो. काहींत जनुक ठीक असतं, पण त्या सी३ तोडणाऱ्या एन्झाइमलाच घट्ट धरून ठेवणारी अँटिबॉडी तयार होते. तिला सी३ नेफ्रिटिक फॅक्टर म्हणतात आणि परिणाम तसाच.

तिसरं चित्र डोळ्याचं. २००५ साली एकापाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या अनेक संशोधनांत दिसलं की फॅक्टर एचच्या सातव्या मण्यातला एक अगदी सर्रास आढळणारा फरक, ४०२व्या जागी टायरोसीनऐवजी हिस्टिडीन, उतारवयातल्या मॅक्युलर डिजनरेशनचा (दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज) धोका वाढवतो. दृष्टिपटलाखालच्या ब्रुक पडद्यावर पेशीच नाहीत, म्हणजे सीडी४६ किंवा सीडी५५ तिथे असण्याचा प्रश्नच नाही. असा पडदा बाहेरून येणाऱ्या नियंत्रकांवरच विसंबून असतो. किडनीच्या चाळणीतल्या पायाभूत पडद्याचं तेच. म्हणूनच फॅक्टर एच बिघडलं की डोळा आणि किडनी हे दोन अवयव पुन्हा पुन्हा समोर येतात.

एकाच प्रथिनाचे तीन आजार झाले, म्हणून कुणी ‘फॅक्टर एचचा दोष आहे’ एवढंच सांगितलं तर मला काहीच कळत नाही. कुठल्या मण्यात, हे कळलं की बरंच कळतं.

जागेचा हा मुद्दा सगळ्यात स्वच्छ दिसतो तो पीएनएच या रक्ताच्या आजारात. तिथे दोष कॉम्प्लिमेंटच्या जनुकात नसतोच. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत, जन्मानंतर केव्हातरी, एक्स गुणसूत्रावरचं पीआयजीए नावाचं जनुक बिघडतं. काही प्रथिनं आवरणात रोवून ठेवायला जीपीआय नावाचा जो चरबीचा दुवा लागतो, तो मग बनत नाही. सीडी५५ आणि सीडी५९ दोन्ही याच दुव्याने रोवलेली असतात. त्या पेशीची सगळी वंशावळ या दोघांविना रक्तात येते. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आवरण दुरुस्त करायची क्षमता तुटपुंजी, त्यामुळे ती रक्तातच फुटते. लघवी कोकच्या रंगाची होते, गुठळ्या होतात. आता गंमत अशी, की जन्मतः फक्त सीडी५५ नसलेल्या माणसांच्या तांबड्या पेशी अशा फुटत नाहीत. फक्त सीडी५९ नसलेल्यांच्या फुटतात, आणि त्यांच्या नसाही दुखावतात. मात्र सीडी५५ नसलेल्यांना वेगळाच त्रास होऊ शकतो: आतड्यातून प्रथिनं गळणं आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या. २०१७ मध्ये हा आजार नीट ओळखला गेला आणि त्याला चॅपल असं नाव मिळालं. म्हणजे कुठल्या पेशीला कुठल्या नियंत्रकाची गरज जास्त, हेही ठरलेलं आहे.

सी१ इनहिबिटरचं प्रकरण आणखी वेगळं आहे आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात चुकीच्या उपचाराने जीव जाऊ शकतो. या प्रथिनाची कमतरता असेल तर हेरेडिटरी अँजिओएडिमा होतो: ओठ, हात, पोट, कधी स्वरयंत्र सुजतं. १९६३ मध्ये हा दोष सापडला तेव्हा साहजिकच कॉम्प्लिमेंटकडे बोट गेलं. पण सूज येते ती ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या पाझरायला लावणाऱ्या रेणूमुळे, कारण तो तयार करवणाऱ्या कॅलिक्रीन आणि फॅक्टर बारालाही सी१ इनहिबिटरच आवरतं. खाज नाही, पित्ताच्या गांधी नाहीत आणि अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, अ‍ॅड्रेनालिन यांचा भरवशाचा उपयोग नाही. तिथे सी१ इनहिबिटर किंवा ब्रॅडिकायनिनला अडवणारं इकॅटिबंटसारखं औषध लागतं. कॉम्प्लिमेंटचा सहभाग निदानाला मात्र कामी येतो: दोन झटक्यांच्या मधल्या काळातही सी४ हे कॉम्प्लिमेंटचं प्रथिन कमी सापडतं. वारंवार सूज येणाऱ्या माणसाचं सी४ पाहणं ही साधी तपासणी आहे आणि ती वेळेवर व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या बहिणीच्या निदानाविषयी. अ‍ॅटिपिकल एचयूएस सिद्ध करणारी एकच चाचणी नाही. बाकीच्या शक्यता बाजूला सारत तिथे पोहोचावं लागतं. बाळंतपणानंतर असं चित्र दिसलं की हेल्प सिंड्रोम या गरोदरपणातल्या गुंतागुंतीचाही विचार होतो, पण ते सहसा प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत ओसरायला लागतं. ते न ओसरता क्रिएटिनिन चढत गेलं तर कॉम्प्लिमेंटचा संशय घट्ट होतो. अ‍ॅडमटीएस-१३ या रक्तातल्या एन्झाइमची क्रिया १० टक्क्यांच्या खाली असेल तर आजार टीटीपी, म्हणजे बारीक गुठळ्यांचाच पण वेगळ्या कारणाचा, त्याचा उपचार वेगळा. जुलाब घडवणारा आणि शिगा विष सोडणारा ई. कोलाय हा जंतू, तोही तपासायचा. आणि फॅक्टर एचविरुद्धच्या अँटिबॉडी. लहान मुलांत या फार महत्त्वाच्या, पण मोठ्यांतही बघाव्यात, कारण त्या सापडल्या तर प्लाझ्मा बदलणं आणि अँटिबॉडी कमी करणारी औषधं यांनाही उपचारात जागा मिळते.

हे सगळे नमुने प्लाझ्मा देण्याच्या किंवा बदलण्याच्या आधी घेतलेले हवेत. दात्याचा प्लाझ्मा गेला की त्यातलं फॅक्टर एच, सी३ आणि अ‍ॅडमटीएस-१३ आपण मोजत बसतो. दुसरं, कॉम्प्लिमेंट नळीतही चेततं. नमुना खोलीत तासन्‌तास पडून राहिला तर सक्रियतेच्या चाचण्या खोट्या वाढलेल्या येतात. विरघळलेलं सी५बी-९ (भोक पाडणाऱ्या समूहाचं रक्तात फिरणारं रूप) मोजायचं असेल तर ईडीटीए नळी, ताबडतोब सेंट्रिफ्यूज आणि उणे ८० अंशांवर साठवण, यात तडजोड नाही. तुमच्या रिपोर्टवर नमुना कधी घेतला ते बघा आणि पहिला प्लाझ्मा कधी दिला ते डिस्चार्ज कार्डावर शोधा. दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या की रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा ते बरंचसं कळतं.

‘मग बाळंतपणानंतरच का?’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बहिणीच्या मनात नक्की असेल. बदल जन्मापासून होता. इतकी वर्षं दुसऱ्या निरोगी प्रतीतून बनणारं फॅक्टर एच आणि अस्तरावरचं सीडी४६, सीडी५५ भार पेलत होते. गरोदरपण, प्रसूती, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी कॉम्प्लिमेंटचा भार अचानक वाढतो आणि अपुरा आवर तेव्हा उघडा पडतो. तिने काही खाल्लं, काही टाळलं, विश्रांती कमी घेतली, म्हणून हे झालेलं नाही. हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

औषधाकडे वळू. एक्युलिझुमॅब ही सी५ला धरणारी अँटिबॉडी. अमेरिकेत तिला २००७ मध्ये पीएनएचसाठी आणि २०११ मध्ये अ‍ॅटिपिकल एचयूएससाठी मान्यता मिळाली. रॅव्हुलिझुमॅब तिचंच लांबलेलं रूप: पुढच्या मात्रा दोन आठवड्यांऐवजी साधारण आठ आठवड्यांनी. या औषधांनी प्रतिकारशक्ती ‘बंद’ होत नाही. सी५च्या अलीकडचं सगळं चालू राहतं. सी३बी जंतूंवर बसतं, भक्षक पेशी त्यांना गिळतात, अँटिबॉडी बनतात. थांबतं ते सी५ए आणि भोक पाडणारा समूह. बहुतेक जंतूंना मारायला तो समूह अपरिहार्य नसतो. एका कुळाच्या बाबतीत मात्र तो फार लागतो: नायसेरिया, त्यातही मेनिन्गोकोकस. जन्मतः सी५ ते सी९ यांपैकी एखादं नसलेल्या माणसांना मेनिन्गोकोकसचाच संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे.

हा जंतू नियंत्रक प्रथिनांच्या गोष्टीत दोनदा येतो. त्याच्या पृष्ठभागावर एक प्रथिन आहे, जे माणसाचं फॅक्टर एच पकडून अंगावर चढवतं. मग आपलंच नियंत्रक प्रथिन जंतूचं रक्षण करायला लागतं. स्ट्रेप्टोकोकस, लाइम आजाराचा बोरेलिया, असे इतरही जंतू हीच युक्ती करतात, आणि कर्करोगाच्या पेशी सीडी५५ व सीडी५९ जादा बनवून रिटक्सिमॅबसारख्या औषधी अँटिबॉडीपासून काही प्रमाणात निसटतात. संशोधकांनी मेनिन्गोकोकसची ही युक्तीच त्याच्यावर उलटवली. फॅक्टर एच पकडणारं ते प्रथिन आज मेनिन्गोकोकस बीच्या लसींमधला महत्त्वाचा घटक आहे.

म्हणून औषधाआधी मेनिन्गोकोकसच्या दोन्ही लसी, एसीडब्ल्यूवाय आणि बी, शक्यतो दोन आठवडे आधी द्यायच्या असतात. किडनी जात असेल तर थांबता येत नाही. मग औषध आणि लस बरोबरच, आणि जोडीला प्रतिबंधक अँटिबायोटिक. अँटिबायोटिक किती काळ चालू ठेवायचं याबद्दल केंद्राकेंद्रांत फरक आहे, ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा. या औषधावर मेनिन्गोकोकसचा धोका सामान्य माणसाच्या हजार ते दोन हजार पट असल्याचं सांगितलं जातं. आकडा घाबरवणारा आहे, पण मेनिन्गोकोकसचा संसर्ग मुळात इतका विरळ आहे की प्रत्यक्ष धोका आटोक्यातला राहतो. लसीने तो शून्य होत नाही. त्यामुळे ताप, थंडी, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, अंगावर जांभळे ठिपके, यांतलं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच क्षणी रुग्णालयात जायचं आणि औषधाचं कार्ड दाखवायचं.

औषध घ्यावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे. फॅक्टर एचचा सिद्ध झालेला दोष, बाळंतपणानंतरचा आजार आणि डायलिसिस एवढं असेल तर दर दिवसाची किंमत किडनी मोजते. ही औषधं येण्यापूर्वी अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांची किडनी जायची किंवा ते दगावायचे. लवकर सुरू केलं तर डायलिसिस सुटण्याची शक्यता खरी आहे. किती काळ द्यायचं हे मात्र नेमक्या बदलावर अवलंबून. सीडी४६चा बदल असलेल्यांत किंवा कुठलाच बदल न सापडलेल्यांत ते काही काळाने थांबवून लक्ष ठेवता येतं. फॅक्टर एचच्या बदलात थांबवल्यावर आजार उलटण्याची भीती जास्त, म्हणून निर्णय सावध असतो. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकलं जाणारं काहीही तिला देऊ नका. हा आजार त्याने बरा होत नाही, आणि दुखावलेल्या किडनीवर नको ते ओझं पडू शकतं.

आता तुम्ही भावंडं. बदल आई किंवा वडिलांकडून आला असेल तर तुमच्या प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी. तो असला म्हणजे आजार होईलच असं नाही. वाहकांपैकी सुमारे निम्मे किंवा त्याहूनही जास्त जण आयुष्यभर निरोगी राहतात, कारण बाकीचे नियंत्रक, इतर जनुकांतले फरक आणि भार वाढवणारे प्रसंग यांचाही वाटा असतो. तपासणीआधी रिपोर्टमधलं बदलाचं वर्गीकरण बघा. ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ लिहिलं असेल तर भावंडांची तपासणी अर्थपूर्ण. ‘अनसर्टन सिग्निफिकन्स’ असेल तर घाई करू नका, त्यावरून कुणाला निरोगी किंवा रोगी ठरवता येत नाही. आणखी एक: फॅक्टर एचचं जनुक आणि त्याच्या शेजारची सीएफएचआर जनुकं इतकी सारखी आहेत की त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये ती निसटू शकते, म्हणून एमएलपीएसारखी (जनुकांच्या प्रती मोजणारी) चाचणी झाली आहे का तेही विचारा.

आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण तुम्ही ओझरतं लिहिलंत की ‘वेळ आलीच तर मी किडनी देईन.’ थांबा. किडनी गेलीच आणि प्रत्यारोपणाचा विचार झाला तर दोष कुठे आहे यावर पुन्हा सगळं ठरतं. दोष सीडी४६मध्ये असता तर नवी किडनी स्वतःचं निरोगी सीडी४६ घेऊन आली असती आणि आजार उलटण्याचा धोका कमी राहिला असता. फॅक्टर एच यकृतात बनतं. नव्या किडनीतूनही तेच सदोष फॅक्टर एच वाहणार, म्हणून संरक्षक औषधाशिवाय ती किडनीही धोक्यात येते. आणि तुम्ही स्वतः वाहक असाल तर तुमची शस्त्रक्रियाच तुमच्यात आजार चेतवू शकते. दात्यांना असं झाल्याची उदाहरणं आहेत. तुमची जनुकीय तपासणी होऊन त्यात हा बदल नाही हे पक्कं होईपर्यंत दाता म्हणून नाव देऊ नका.

तिचं नाव, रुग्णालय काही लिहू नका. बदलाचं रिपोर्टमधलं नेमकं नाव, त्याचं वर्गीकरण आणि फॅक्टर एचविरुद्धच्या अँटिबॉडीचा निकाल एवढं कळवलंत, तर तो कुठल्या मण्यात पडतो आणि डॉक्टरांना पुढे काय विचारायचं ते मी सांगू शकेन.